कारखान्यातली कचेरी कुठे असावी?

नवा कारखाना उभा करायचे ठरले म्हणजे यंत्रे कुठे बसवावीत यावर महिनोन्‌महिने चर्चा चालते. कच्चा माल कोणत्या दाराने येणार, तयार माल कोणत्या दाराने जाणार, क्रेन किती टनांची हवी, दोन लेथमध्ये अंतर किती ठेवावे, याचे नकाशे दहादा काढले जातात आणि दहादा खोडले जातात. हे योग्यच आहे. पण त्याच कारखान्यात रोज आठ-नऊ तास बसून नियोजन, तपासणी, हिशोब, हजेरी, खरेदी ही कामे करणाऱ्या माणसांची कचेरी कुठे असावी, हा प्रश्न बहुधा सगळ्यांत शेवटी निघतो. यंत्रे बसवून जी जागा उरेल ती कचेरीला मिळते. नाही तर मालकांना जी शोभिवंत वाटेल ती. हा प्रश्न सुताराचा आणि फर्निचरचा आहे अशी समजूत असते. मला ही समजूत मान्य नाही. कचेरी कुठे आहे, यावरून त्या कारखान्यात कोणाला काय कळणार आणि कोणाला काय बोलता येणार हे ठरते. म्हणून कारखान्यातली कचेरी हा केवळ बांधकामाचा विषय नसून माणसामाणसांतील संबंधांचा विषय आहे, असे मला वाटते.

मी या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी. नोकरीची बरीच वर्षे माळव्यात, देवास येथे आणि धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे, कारखान्यांच्या नियोजन खात्यांत गेली. बेळगावकडच्या वाचकांना देवास परके वाटू नये. आपल्या जवळच्याच सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व स्वातंत्र्यानंतर लवकरच प्रकृतीसाठी देवासला गेले आणि १९९२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणरावांच्या उद्योगाचाही पंपांचा एक कारखाना देवासला आहे. धार हे भोज राजाचे, पुढे पवारांचे गाव. पण आज धार जिल्ह्याचे नाव कारखानदारांच्या तोंडी येते ते पीथमपूरमुळे. इंदूर-महूच्या बाजूचा हा उजाड माळ १९८० नंतर भराभर भरत गेला. मित्सुबिशीच्या साहाय्याने आयशरचे ट्रक तेथे १९८६ साली निघू लागले. कायनेटिक होंडाच्या स्कूटर तेथेच तयार झाल्या. पुण्या-नगरकडची अनेक मराठी कुटुंबे त्या निमित्ताने माळव्यात आली.

देवासच्या इतिहासात माझ्या विषयाला लागू पडणारी एक गोष्ट आहे. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंमुळे देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. गाव एकच, पण राजवाडे दोन, दरबार दोन, कारभार दोन. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांकडे खाजगी चिटणीस होता. त्याने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या जोडसंस्थानाची हकिकत आली आहे. १९४८ साली दोन्ही पाती मध्यभारतात विलीन झाल्या आणि हा प्रकार संपला. परंतु कारखान्यांतून तो अजून नांदतो आहे. एका कुंपणात दोन राज्ये असतात : एक कचेरीचे, दुसरे यंत्रशाळेचे. दोघांची दारे निराळी, पाणी पिण्याची जागा निराळी, जेवणाची वेळ निराळी. आणि थोरली पाती कोणती हे कोणाला सांगावे लागत नाही.

ही फाळणी आपोआप झाली नाही. तिच्यामागे विचार आहे, आणि तो जुना आहे. मधोमध देखरेख करणारा आणि भोवती सर्वांवर त्याची नजर, ही रचना बेंथम या तत्त्वज्ञाने सुचवलेल्या तुरुंगामुळे जगाला ठाऊक झाली. पण मूळ कल्पना त्याचा भाऊ सॅम्युएल याची, आणि ती रशियात १७८६-८७ च्या सुमारास, कारखान्यातील मजुरांवर लक्ष ठेवण्यासाठी निघाली होती. म्हणजे तुरुंगाने कारखान्यापासून धडा घेतला! पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने असे मांडले की, डोक्याचे काम यंत्रशाळेतून काढून नियोजन खात्यात एकवटावे. टेलरच्या पद्धतीने उत्पादन वाढले हे नाकारता येत नाही. पण तिच्यातून एक समजही पसरला : विचार करणारे वर बसतात, हात चालवणारे खाली उभे राहतात. आपल्याकडे तर अशा समजुतीला आधीपासूनच सुपीक जमीन होती. हाताला तेल लागणे कमीपणाचे मानणाऱ्या समाजाला टेलर फारसा शिकवावा लागला नाही.

एका कारखान्यातील प्रकार मी जवळून पाहिला. नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे उत्पादन वाढले, जागा अपुरी पडली, तेव्हा यंत्रशाळेतच लोखंडी खांबांवर मेझनिन, म्हणजे आपल्या घरातला पोटमाळाच, बांधून नियोजन आणि ड्रॉइंग ही खाती वर नेण्यात आली. समोर लांबलचक काच, खाली गुळगुळीत पांढऱ्या फरश्या, आत थंड हवा. वर जायला एकच जिना. पाहुण्यांना दाखवायला जागा फार छान झाली. काही महिन्यांनी एका सुट्या भागाच्या भोकाचा व्यास बदलला. दुरुस्त केलेला नकाशा वर तीन दिवस टेबलावर पडून राहिला आणि खाली जुन्या नकाशावर माल निघत राहिला. चौथ्या दिवशी तपासणीत सारा लॉट बाजूला काढावा लागला. चौकशी झाली तेव्हा कळले की, बोल्ट सैल बसतो आहे हे फोरमनच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आले होते. ‘मग वर येऊन विचारले का नाही?’ या प्रश्नाला त्याने माळवी शिरस्त्याप्रमाणे नम्रपणे उत्तर दिले : ‘साहब, जूतों में तेल लगा रहता है. ऊपर सफेद टाइल है. अच्छा नहीं लगता.’

पंधरा वर्षे नोकरी झालेला, कामात तरबेज असा हा मनुष्य. त्याला कोणी वर येऊ नको असे सांगितले नव्हते. दारावर पाटीही नव्हती. पण फरशीनेच त्याला ते सांगितले होते. व्यवस्थापनाने पत्रक काढून ‘सूचनांचे स्वागत आहे’ असे कितीही कळवले, तरी जिना आणि फरशी जे बोलतात ते पत्रकापेक्षा मोठ्याने ऐकू जाते. पुढे त्या कारखान्यात नियोजनाचे एक टेबल खाली आणले गेले. बारा फूट बाय दहा फुटांची काचेची खोली, जमीन बाहेरच्यासारखीच साध्या कोब्याची, दाराला उंबरठा नाही, आणि भिंतीवर चालू नकाशांची यादी. चमत्कार वगैरे काही घडला नाही. पण प्रश्न विचारायला येणाऱ्यांची ये-जा सुरू झाली, आणि नकाशा टेबलावर पडून राहणे बंद झाले.

यावर कोणी म्हणेल की, हे ठीक. पण यंत्रांच्या खडखडाटात बसून कारकुनाने हिशोब कसा करावा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला भावनेने नव्हे तर बांधकामाने उत्तर दिले पाहिजे. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आपल्याकडे धरली जाते. शांत कचेरीत आवाज ५० च्या आसपास असावा लागतो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली विटांची भिंत ४५ ते ५० डेसिबल आवाज अडवते, म्हणजे काम भागते. पण गंमत अशी की, त्या भिंतीत शंभरात एक भाग जरी उघडा राहिला, दाराखालची फट म्हणा, केबलसाठी पाडलेले भोक म्हणा, तरी अडवला जाणारा आवाज जेमतेम २० डेसिबलवर येतो. मग आत ७० डेसिबल, आणि टेलिफोनवर ओरडणे आले. लाखो रुपयांची काच लावायची आणि दाराखाली रबराची पट्टी लावायची नाही, हा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. काच दुहेरी असावी, दोन काचांमध्ये अंतर असावे, आणि छत उघडे न ठेवता वरूनही खोली बंद करावी. ठोके मारणारे प्रेस असतील तेथे प्रेसचा पाया निराळा तोडलेला असावा, नाही तर हादरा जमिनीतून टेबलापर्यंत येतो आणि त्याला कोणतीही काच अडवत नाही. तेलाचा धूर आणि धूळ आत येऊ नये म्हणून खोलीत गाळलेली हवा थोडी जास्त दाबाने सोडावी. दार उघडले की हवा आतून बाहेर जाते, बाहेरून आत येत नाही. यांतले काहीही परदेशातून आणावे लागत नाही.

माळव्यापुरत्या आणखी दोन गोष्टी सांगतो. पहिली उन्हाची. शब-ए-माळवा म्हणून तेथील रात्रींची ख्याती आहे, पण मे महिन्यातला दिवस चाळिशी ओलांडतो. कारखान्याचे छप्पर पत्र्याचे, आणि गरम हवा वर चढणारी. अशा छपराखाली पोटमाळ्यावर कचेरी बांधणे म्हणजे इमारतीतील सर्वांत तापलेली जागा शोधून तेथे माणसे बसवणे, आणि मग ती जागा थंड करण्यासाठी जन्मभर विजेचे बिल भरणे. जमिनीलगतची खोली मुळातच थंड असते. दुसरी गोष्ट मातीची. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. यंत्रांचे पाये खोलवर नेलेले असतात. पण ‘नंतर बघू’ म्हणून मागाहून उठवलेल्या कचेरीच्या भिंती भरावाच्या जमिनीवरच उभ्या राहतात आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तडकतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर असणारे खांबाचे पाये केव्हाच रूढ केले आहेत. ते घालायचे असतील तर कचेरीचा विचार पहिल्या नकाशातच हवा. उशिरा सुचलेली कचेरी भिंतीवरच्या भेगेतून ओळखू येते.

मग सगळ्याच कचेऱ्या यंत्रशाळेत न्याव्यात काय? मुळीच नाही. नियोजन, तपासणी, देखभाल आणि भांडार या खात्यांना तासातासाला माल पाहावा लागतो. त्यांची जागा यंत्रांजवळ. लेखा, खरेदी, भरती यांच्याकडे बाहेरची माणसे येतात. पुरवठादाराने किंवा नोकरीसाठी आलेल्या मुलाने क्रेनखालून चालत जाणे धोक्याचे, म्हणून त्यांची जागा फाटकाजवळ. पगार आणि रजा यांची खिडकी मात्र कामगाराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असावी. पगारातील चूक विचारण्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी लागू नये. भट्टी आणि रंगखाते यांच्या वाऱ्याच्या दिशेला कोणतीच कचेरी नसावी. काही ठिकाणी भिंत आवश्यकही असते. देवासला सत्तरीच्या दशकात सुरू झालेली बँक नोट प्रेस आहे. तेथे नोटा छापल्या जातात. अशा जागी कोणी कोठे जावे यावर कडक बंधने असणे हे राष्ट्राच्या हिताचेच आहे. तेथील भिंतीला कारण आहे. माझा आक्षेप आहे तो निष्कारण भिंतीला.

जगात याची निरनिराळी उत्तरे शोधली गेली आहेत. जपानमध्ये टोयोटाचे ताइइची ओनो हे अभियंत्याला यंत्रशाळेत खडूने काढलेल्या वर्तुळात उभे करून तासन्‌तास नुसते पाहायला लावीत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आपल्या देशात १९८३ साली गुडगावला मारुतीच्या गाड्या निघू लागल्या तेव्हा सर्वांना एकच गणवेश, एकच उपाहारगृह आणि बंद केबिनींऐवजी मोकळी कचेरी हा प्रयोग झाला. जर्मनीत लाइपझिग येथे बी.एम.डब्ल्यू.च्या कारखान्यात झाहा हदीद या वास्तुशिल्पज्ञ बाईंनी २००५ साली मधली इमारत अशी बांधली की, अर्धवट तयार झालेल्या गाड्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना कचेरीतल्या टेबलांच्या वरून सरकत जातात. गाड्या थांबल्या तर लेखनिकालाही मान वर केली की कळते. आपण लाइपझिगची इमारत उचलून पीथमपूरला आणावी असे मी म्हणत नाही; तेवढा खर्च कोणी करणारही नाही. पण त्यामागचा विचार फुकट मिळतो.

मात्र मोकळी कचेरी हा काही रामबाण उपाय नव्हे. एका कारखान्यात टेबले खाली येणार म्हणताच कामगारांच्या प्रतिनिधींनी कुरकुर केली : आता साहेब लोक दिवसभर डोळे लावून बसणार! ही भीती खोटी नव्हती. काचेतून पाहणारा उंचावर असला की ती पाळत होते. दोघे एकाच पातळीवर असले, काचेच्या खालची भिंत बुटकी असली आणि बाहेरच्यालाही आतले टेबल दिसत असले, तर ती ओळख होते. आतला मनुष्य दुपारी पेंगतो की काम करतो हे बाहेरूनही दिसू द्या, मग कोणी तक्रार करणार नाही. तसेच प्रत्येक मोकळ्या कचेरीजवळ एक बंद खोली हवीच. घरची अडचण, आजार, वरिष्ठाविषयीची तक्रार या गोष्टी चारचौघांत बोलता येत नाहीत.

कचेरीत काम करणाऱ्या मुलींविषयी तर बोलायलाच हवे. आज आपल्याच महाविद्यालयातील कितीतरी मुली कारखान्यांत तपासणी, संगणक, लेखा या खात्यांत जातात. यंत्रशाळेतल्या कचेरीचा नकाशा पाहताना मी पहिल्यांदा स्त्रियांचे स्वच्छतागृह किती पावलांवर आहे ते पाहतो. पुष्कळदा ते फाटकाजवळच्या इमारतीत असते, म्हणजे भर उन्हात अंगण ओलांडून जायचे. मग त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्यात स्त्रियांसाठी वेगळ्या सोयीची, उजेडाची, वाऱ्याची, इतकेच काय, नव्या कारखान्यात दर माणशी १४.२ घनमीटर जागेचीही तरतूद होती, आणि ४.२ मीटरच्या वरची उंची त्या हिशोबात धरायची नव्हती. पुढे २०२० साली संसदेने या आणि अशा अनेक कायद्यांच्या जागी नवी संहिता संमत केली. कायदे बदलतात, पण अंतर पावलांनी मोजायचे ते मोजलेच पाहिजे.

अलीकडे एक नवे मत ऐकू येते. आता सारे संगणकावर दिसते, तेव्हा कचेरी कारखान्यात हवीच कशाला? ती इंदूरला किंवा पुण्याला असली तरी चालेल. मला हे पटत नाही. संगणकावर दिसते ते कोणीतरी त्यात भरलेले असते. बोल्ट सैल बसतो आहे हे फोरमनच्या बोटांना कळले होते, आणि बोटांना कळलेले भरण्यासाठी पडद्यावर रकाना नव्हता. ते सांगायला समोर माणूसच लागतो, आणि तो माणूस हाकेच्या अंतरावर लागतो.

तात्पर्य, कचेरी कारखान्यात असावी. पण कारखान्याच्या डोक्यावर नसावी. ती शांत असावी. पण दूर नसावी. ती स्वच्छ असावी. पण तेलाचे बूट घालून आत येण्याची ज्याला लाज वाटेल इतकी नव्हे.

हे सारे मी महाविद्यालयाच्या अंकात का लिहितो आहे? कारण आज हा अंक वाचणाऱ्यांपैकी, मराठी विभाग वाचणारे काय आणि कन्नड विभाग वाचणारे काय, अनेकजण उद्या उद्यमबागेत, हुबळीला, पुण्याला, कदाचित पीथमपूरलाही कोणत्या ना कोणत्या कारखान्यात जातील. त्यांतले बरेचसे टेबलापाशी बसतील. इमारत बांधण्याचा अधिकार लगेच कोणाच्या हाती येणार नाही. पण टेबल कुठे ठेवायचे, दार उघडे ठेवायचे की बंद, आणि दिवसातून किती वेळा उठून यंत्रापाशी जायचे, एवढे तरी हाती असते. नोकरीच्या पहिल्या दिवशी आपले टेबल कोणते हे विचारालच. त्याबरोबर एवढेही विचारा : येथून सगळ्यांत जवळचे यंत्र कोणते, आणि त्यावर काम करणाऱ्याचे नाव काय?